जिलेटिनवर्ज्य आहार : वेष्टनाचे परीक्षण आणि कॅप्सूलचे कवच

माळकरी, जैन अथवा अन्य कारणाने मांस वर्ज्य केलेला रुग्ण आपला नियम वैद्याच्या हातून मोडणार नाही, असे गृहीत धरूनच औषध घेतो. आयुर्वेदीय संहितांनी मांसरसाचा उपयोग सांगितला आहे. त्यामुळे येथे प्रश्न जिलेटिनच्या गुणदोषांचा नसून रुग्णाच्या व्रताचा आहे.

जिलेटिन हे गुरे, डुक्कर किंवा मासे यांच्या कातडीतील व हाडांतील कोलॅजेनपासून काढतात. मार्शमेलो, चघळण्याच्या मऊ गोळ्या, जेली, काही प्रकारचे दही व पुडिंग यांत ते आढळते. वेष्टनाचे परीक्षण पुढील क्रमाने करावे.

१. चिन्ह : हिरव्या चौकटीतील हिरवा ठिपका शाकाहाराचा होय. मांसाहाराचा तपकिरी ठिपका २०२० च्या नियमांनी तपकिरी त्रिकोण झाला. नातलगांनी परदेशातून आणलेल्या खाऊवर ही चिन्हे नसतात; तेथे घटकसूचीच वाचावी.

२. घटकसूची : घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहितात, म्हणून जिलेटिन बहुधा शेवटाकडे सापडते. ते अन्नघटक मानले जात असल्याने सहसा नावानेच लिहितात. क्वचित ४४१ हा अंक दिसतो. आगर अर्थात चायना ग्रास (४०६), कॅराजीनन (४०७) व पेक्टिन (४४०) ही वनस्पतिज द्रव्ये आहेत.

३. भ्रम : 'हलाल' म्हणजे शाकाहारी नव्हे, गोवंशाचे जिलेटिनही हलाल असू शकते. फळांचा रस निवळण्यासाठी वापरलेल्या जिलेटिनचा उल्लेख सूचीत असेलच असे नाही.

४. कॅप्सूल : आपल्या व्यवसायातील खरी उणीव येथेच आहे. खाद्यपदार्थांवरील ठिपक्याचा नियम औषधांना लागू नाही. आतील चूर्ण शुद्ध वनस्पतिज असले, तरी कठीण कवच जिलेटिनचे असू शकते. मऊ, तेलयुक्त कॅप्सूलचे तर बहुधा तेच असते. 'आयुर्वेदिक' हा शब्द कवचाबद्दल काहीच सांगत नाही. हायड्रॉक्सीप्रोपिल मिथाइल सेल्युलोज किंवा पुल्युलान यांची कवचे मात्र शाकाहारी असतात.

औषधविक्रेत्यांनी प्रत्येक कॅप्सूलच्या कवचाविषयी उत्पादकाकडून लेखी खुलासा घ्यावा व तो दुकानात जपून ठेवावा. वैद्यांनी आहारविषयक नियम रुग्णपत्रिकेवर नोंदवावा. खुलासा नसल्यास चूर्ण, क्वाथ अथवा वटी योजावी. वटीलाही मऊ आवरण असल्यास त्याची चौकशी करावी. कॅप्सूल उघडून चूर्ण देण्याचा निर्णय मात्र वैद्यानेच घ्यावा. कित्येकदा कवच औषध आतड्यापर्यंत सुरक्षित नेण्यासाठीच योजलेले असते.