ताटात काय आणि पंगतीत कोण

शास्त्रपाठ : रोमकरांस पत्र १४:१-१३, गलतीकरांस पत्र २:११-१४

वरील दोन्ही उतारे शक्यतो एकाच बैठकीत वाचावेत. दोन्ही पत्रांचा लेखक प्रेषित पौल आहे, दोन्ही ठिकाणी प्रसंग जेवणाचा आहे, आणि तरीही पौलाची वागणूक इतकी निराळी आहे की, वाचणारा क्षणभर गोंधळतो. रोम येथील मंडळीत कोणी सर्व काही खात होते, कोणी केवळ भाजीपाला खाऊन राहत होते. कोणी एखादा दिवस विशेष मानीत, कोणी सर्व दिवस सारखे लेखीत. पौलाचे स्वतःचे मत ठाम होते, ते त्याने लपविलेही नाही. तथापि तो दोन्ही पक्षांना एकमेकांचा स्वीकार करण्यास सांगतो आणि दुसऱ्याच्या चाकराचा न्याय करण्याचा अधिकार कोणालाही देत नाही. अंत्युखियात मात्र तोच पौल पेत्राला सर्वांच्या देखत तोंडावर दोष देतो. पेत्र परराष्ट्रीयांबरोबर जेवत असे. यरुशलेमेहून काही माणसे येताच तो भिऊन वेगळा बसू लागला, आणि बर्णबासारखा उदार मनुष्यही त्याच्यामागे ओढला गेला.

एकीकडे इतकी सहिष्णुता आणि दुसरीकडे इतका कठोरपणा का? रोममध्ये प्रश्न ताटात काय वाढले आहे हा होता. अंत्युखियात पंगतीत कोण बसू शकतो हा होता. ही रेघ आपण नीट ध्यानात ठेवली, तर आजच्या काळातील अस्मितांच्या वादांकडे पाहण्यास बरीच मदत होते. तिचा उपयोग करून पाहण्यासाठी आपण तमिळ देशात, परंतु मराठी राजवटीच्या छायेतील एका गावी जाऊ.

कुंभकोणमजवळ कावेरीच्या परिसरात तिरुविसनल्लूर नावाचे गाव आहे. तंजावरचे राजे शहाजी, म्हणजे व्यंकोजीराजांचे पुत्र व शिवाजी महाराजांचे पुतणे, यांनी १६९३ मध्ये हे गाव चाळीसहून अधिक विद्वानांना दान दिले, आणि त्यास शहाजीराजपुरम् असे नाव पडले. येथे राहणारे श्रीधर वेंकटेश अय्यावाळ यांची आख्यायिका आजही सांगितली जाते. घरी पित्याचे श्राद्ध होते, ब्राह्मणांसाठी स्वयंपाक सिद्ध झाला होता. इतक्यात भुकेने व्याकूळ झालेला एक अस्पृश्य मनुष्य दिसला आणि अय्यावाळांनी श्राद्धाचे अन्न त्यास देऊन टाकले. निमंत्रित ब्राह्मणांनी जेवण्यास नकार दिला व काशीस जाऊन गंगास्नान करण्याचे प्रायश्चित्त सांगितले. अय्यावाळांनी गंगेची प्रार्थना केली, आणि त्यांच्या घरच्या विहिरीतच गंगा उसळून आली, अशी श्रद्धा आहे. कार्तिगै महिन्याच्या अमावास्येला आजही लोक त्या विहिरीच्या पाण्याने स्नान करण्यास येतात.

मराठी वाचकाला येथे पैठणच्या एकनाथांची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. श्राद्धाच्या अन्नाची अगदी अशीच कथा त्यांच्याविषयीही सांगतात. चमत्काराविषयी वाचकांचे मत काहीही असो, कथेतील मनुष्याकडे पाहावे. अय्यावाळांनी श्राद्ध टाकले नाही, आपली परंपरा सोडली नाही, शेजाऱ्यांची निंदाही केली नाही. भुकेलेला मनुष्य प्रथम, एवढ्या एका गोष्टीत ते मागे सरले नाहीत. त्याबद्दल आपल्याच लोकांनी टाकलेला बहिष्कार त्यांनी सोसला. परक्यांच्या मतांशी सहिष्णुतेने वागणे पुष्कळदा सोपे असते. आपल्याच घरच्यांचा रोष पत्करणे अवघड, आणि नेमके तेच पेत्राला त्या दिवशी जमले नाही.

आता त्याच तंजावरातील ख्रिस्ती मंडळीकडे वळू. १७५० मध्ये भारतात आलेले जर्मन मिशनरी श्वार्ट्झ यांचा तंजावरच्या दरबारात मोठा मान होता. दुसरे सरफोजी राजे बालपणी त्यांच्या देखरेखीखाली वाढले. राजांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला नाही. उलट १८०३ मध्ये बृहदीश्वराच्या मंदिरात भोसले घराण्याचा मराठी शिलालेख कोरविला. तरीही १७९८ मध्ये वारलेल्या श्वार्ट्झ यांचे संगमरवरी स्मारक त्यांनी इंग्लंडातील शिल्पकार फ्लॅक्समन यांच्याकडून करवून घेतले. मतभेद राखूनही प्रेम राखता येते, याचे याहून सुंदर उदाहरण आपल्या इतिहासात क्वचित सापडेल.

श्वार्ट्झ यांच्याच हाताखाली शिकलेले वेदनायगम शास्त्रियार (१७७४-१८६४) हे तमिळ ख्रिस्ती कवी. राजाश्रय असतानाही अन्य देवतेच्या स्तुतीचे काव्य रचण्यास त्यांनी राजाला नकार दिला, असे सांगतात. असा विवेकनिष्ठ पुरुष! पण मंदिरात वेल्लाळ ख्रिस्ती आणि दलित ख्रिस्ती यांनी वेगळे बसावे, प्रभुभोजनात आधी कोणी व मागून कोणी हा क्रम राहावा, या रूढीचा त्यांनी हिरिरीने कैवार घेतला. हा केवळ लौकिक रिवाज आहे, धर्माचा प्रश्न नव्हे, असा त्या पक्षाचा युक्तिवाद होता. १८३३ मध्ये कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी मंडळीतील जातिभेद ताबडतोब व कायमचा सोडण्याचा आदेश दिला, तेव्हा तंजावर व त्रिचनापल्ली येथील कित्येक ख्रिस्ती मंडळी सोडून गेले. राजापुढे न वाकलेला विवेक आपल्याच जातीपुढे वाकला. विल्सन यांच्या आज्ञेत परदेशी अधिकाऱ्याचा तोरा नव्हता असे म्हणवत नाही; परंतु गलतीकरांचे पत्र त्यांच्या बाजूने होते.

हे सर्व जुने झाले, असे समजू नये. तिरुचिरापल्लीच्या मेलपुदूर येथील ख्रिस्ती दफनभूमीतील जातीची भिंत आपल्या काळातही चर्चेत आली. महाराष्ट्रातही ‘पूर्वाश्रमीचे कोण?’ हा प्रश्न विवाह ठरविताना हळू आवाजात विचारला जातोच.

आता एक जिवंत वाद घ्या. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शीख व १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आले नाहीत. दलित ख्रिस्ती बांधवांनी हा दर्जा मागावा काय? बाप्तिस्म्यानंतर जातीचे नाव पुन्हा लावणे म्हणजे ख्रिस्तातील एकतेला बाधा, असे काहींचे मत आहे. बाप्तिस्म्याने गावाची वागणूक बदलत नाही, मग अन्यायाचे नाव का लपवावे, असे दुसरे म्हणतात. मला दुसऱ्यांचे म्हणणे अधिक न्याय्य वाटते. तथापि हा रोमकरांच्या चौदाव्या अध्यायातील वाद आहे. दोन्ही मतांचे लोक एका बाकावर बसून तो घालू शकतात, आणि विरुद्ध मताच्या भावाला विश्वासद्रोही किंवा स्वार्थी म्हणण्याचा परवाना कोणालाही नाही. परंतु जी मंडळी हा वाद ऐकून ‘त्यांची उपासना वेगळी असू द्या’ म्हणते, ती अंत्युखियात जाऊन पोहोचते. तेथे गप्प बसणे हे सहिष्णुतेचे नाव घेतलेले भय होय.

अभ्यासवर्गात याच्या जोडीला प्रेषितांची कृत्ये, पंधरावा अध्याय घ्यावा. यरुशलेमेच्या सभेत बराच वाद झाल्यावर हाच पेत्र परराष्ट्रीयांच्या बाजूने उभा राहून बोलतो. सभेने पाठविलेल्या पत्रात त्यांच्यावर सुंतेची अट नाही. मात्र मूर्तींना अर्पिलेले अन्न व रक्त वर्ज्य करण्याची विनंती आहे. कोणाला काय सोडावे लागले आणि कशासाठी, हे वर्गातील प्रत्येकाने आपल्या मंडळीचे नाव मनात धरून सांगावे.