कुत्र्याचे दात : निगा आणि निसर्ग

आमच्या घरी मोती नावाचा कुत्रा होता. जात विचाराल तर गावठीच. तो सहा वर्षांचा असताना एके सकाळी त्याच्या उजव्या डोळ्याखाली सूज दिसली. गांधीलमाशी चावली असेल म्हणून आईने हळदीचा लेप लावला. चार दिवसांनी गळू फुटले, पू वाहून गेला, सूज उतरली आणि आम्ही निश्चिंत झालो. महिन्याभराने त्याच जागी पुन्हा सूज! तेव्हा कुठे त्याला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी डोळ्याकडे फारसे पाहिलेच नाही. वरचा ओठ उचलून एक मोठी दाढ दाखवली. तिचा बाहेरच्या बाजूचा उभा कपचा निघालेला होता.

"हाडे घालता का याला?" त्यांनी विचारले.

घालत होतो. हाड चघळल्याने कुत्र्याचे दात आपोआप साफ राहतात, हा निसर्गनियमच आहे, असे घरात सर्वांना मीच ऐकवले होते. आणि मी तर प्राणिशास्त्र शिकवणारा!

त्या फजितीतून जे शिकलो ते विद्यार्थिमित्रांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू. कुत्र्याचे दात नैसर्गिक रीतीने स्वच्छ ठेवता येतात काय? येतात, पण 'नैसर्गिक' म्हणजे 'निर्धोक' असे समजून चालणार नाही.

दातांची रचना

पिल्लाला दुधाचे दात २८ असतात. सहा-सात महिन्यांचे होईतो ते पडून कायमचे ४२ दात येतात. वरच्या जबड्यात २० व खालच्या जबड्यात २२. माणसाला ३२, म्हणजे कुत्र्याला आपल्यापेक्षा दहा जास्त. पुढे बारा पटाशीचे दात, चार सुळे, सोळा उपदाढा आणि दहा दाढा, असा हा हिशेब आहे.

हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे, असे आपण म्हणतो. कुत्र्याचेही थोडेफार तसेच आहे. आपण घाबरतो त्याच्या सुळ्यांना. पण मांस कापण्याचे खरे काम करतात वरची चौथी उपदाढ आणि खालची पहिली दाढ. या दोन दातांच्या कडा कात्रीच्या पात्यांसारख्या एकमेकींना घासून जातात. आपण घास दाढांखाली रगडतो. कुत्र्याचा जबडा मात्र जवळजवळ वरखालीच हलतो, म्हणून तो रगडत नाही, कापतो आणि गिळतो. मोतीची फुटली ती हीच वरची चौथी उपदाढ. तिला तीन मुळे असतात व ती डोळ्याच्या खालच्या बाजूपर्यंत पोचलेली असतात. मुळाशी पू झाला की सूज डोळ्याखाली दिसते, याचे कारण हे.

कीटण कसे चढते?

माणसाचे दात किडतात, कुत्र्याचे क्वचितच किडतात. त्याची लाळ आपल्या लाळेपेक्षा अधिक अल्कधर्मी असते आणि दातांच्या आकारामुळे अन्न अडकून राहायला खळगे कमी असतात. पण ज्या लाळेमुळे कीड टळते, तिच्यामुळेच कीटण लवकर जमते.

दात कितीही स्वच्छ केला तरी थोड्याच वेळात त्यावर लाळेतील प्रथिनांचा पातळ पापुद्रा बसतो. त्यावर जीवाणू वस्ती करतात व चिकट थर तयार होतो. हा थर बोटाने पुसला तरी निघतो. तो तसाच राहिला तर लाळेतील कॅल्शियमचे क्षार त्यात बसून दोन-तीन दिवसांत तो कठीण होऊ लागतो. हेच कीटण. लाळेची एक मोठी नळी गालाच्या आतून नेमकी वरच्या मोठ्या दाढेसमोर उघडते, म्हणून पिवळट-तपकिरी कीटण प्रथम तेथे, बाहेरच्या अंगाला दिसते.

खरा अपाय मात्र हिरडीच्या कडेखाली दडलेल्या जीवाणूंनी होतो. आधी हिरडी लाल होते, सुजते. येथवरचा बिघाड दात स्वच्छ ठेवल्यास भरून येतो. पुढे दाताला धरून ठेवणारे तंतू व हाड झिजू लागले की ते नुकसान परत भरून येत नाही; दात हलतो, पडतो. तीन वर्षांवरील बहुतेक पाळीव कुत्र्यांत हा विकार कमीअधिक प्रमाणात आढळतो. पॉमेरेनियनसारख्या लहान कुत्र्यांना त्याचा त्रास अधिक, कारण चिमुकल्या जबड्यात ४२ दातांची दाटी होते. आपल्या शेजारच्या बागलकोट जिल्ह्यातील मुधोळच्या शिकारी कुत्र्याचे चित्र २००५ साली टपाल तिकिटावर झळकले. त्याच्या लांब जबड्यात दातांना ऐसपैस जागा असते. पण म्हणून त्याला कीटण चढत नाही असे मुळीच नव्हे.

"कुत्र्याच्या तोंडाला वास यायचाच," असे आपल्याकडे सर्रास म्हणतात. निरोगी तोंडाला दुर्गंधी येत नाही. तो वास बहुधा हिरडीच्या रोगाची पहिली वर्दी असते.

हाडाचा प्रश्न

येथे कोणी म्हणेल, "रस्त्यावरच्या कुत्र्यांचे दात कोण घासतो? रानातल्या लांडग्याला कोण ब्रश देतो?" प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर दोन्ही बाजू पाहूनच दिले पाहिजे.

हाड चघळल्याने कीटण कमी होते, हे खरे आहे. ब्राझीलमध्ये बीगल जातीच्या कुत्र्यांना गुरांची कच्ची हाडे देऊन केलेला प्रयोग २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यांचे कीटण काही दिवसांतच पुष्कळ घटलेले दिसले. पण दुसरी बाजूही आहे. आफ्रिकेतील रानकुत्र्यांच्या कवट्यांची तपासणी १९९९ साली प्रसिद्ध झाली. या प्राण्यांचा आहार शंभर टक्के नैसर्गिक. तरीही जवळजवळ निम्म्या कवट्यांत तुटलेले दात होते आणि हिरडीच्या रोगाच्या खुणाही अनेकांत होत्या. निसर्गाला प्राणी पिल्ले वाढवण्याइतका जगला की पुरते. दुखऱ्या दातामुळे ज्याची उपासमार झाली तो आपल्या नजरेसमोरून नाहीसा होतो, आणि उरलेल्यांकडे पाहून आपण म्हणतो, "यांचे दात कसे छान!"

शिजवलेले हाड तर कधीच देऊ नये. ते ठिसूळ होते, त्याच्या अणकुचीदार कपच्या निघतात व घशात किंवा आतड्यात रुततात. कच्च्या हाडाने दाढ फुटण्याची भीती असतेच, शिवाय त्यावरचे जंतू घरात येतात. शिंगे, खूर यांचेही तेच.

यासाठी एक सोपी कसोटी आहे. चघळायला द्यायच्या वस्तूवर अंगठ्याचे नख दाबून पाहावे. नख रुतत नसेल तर ती वस्तू दातापेक्षा कठीण ठरण्याचा संभव आहे, देऊ नये. दात तिच्यात थोडा रुतला पाहिजे, म्हणजे हिरडीच्या कडेपर्यंत तो पुसला जातो. गाजराचा तुकडा निरुपद्रवी खरा, पण तो दाताच्या टोकालाच फुटतो, त्यामुळे कडेचा थर तसाच राहतो. चघळण्याच्या तयार वस्तूंची पारख करण्यासाठी अमेरिकेत १९९७ साली व्हेटरिनरी ओरल हेल्थ कौन्सिल स्थापन झाली. तिची मान्यता असलेली वस्तू आपल्या कुत्र्याच्या आकारमानानुसार, व आपल्या नजरेसमोर द्यावी.

मग करावे काय?

थर कठीण होण्यापूर्वी रोज पुसून काढणे, हा सर्वांत साधा व खात्रीचा उपाय. आठवड्यातून एकदा घासून उपयोग नाही, कारण तोवर त्याचे कीटण झालेले असते.

पहिले काही दिवस कुत्र्याचा ओठ हळूच उचलावा, बोट दातांवरून फिरवावे व शाबासकी द्यावी. मग बोटाला ओले मऊ सुती कापड गुंडाळून पुसावे. पुढे लहान मुलांचा मऊ ब्रश घ्यावा व तो हिरडीच्या कडेशी तिरपा धरून फिरवावा. सगळा भर वरच्या दातांच्या बाहेरच्या बाजूवर, सुळे व दाढांवर द्यावा. आतली बाजू जीभ बरीचशी साफ ठेवते. नुसत्या पाण्यानेही पुष्कळ काम होते. पिल्लू असतानाच सवय लावली तर उत्तम. मोठा कुत्रा गुरगुरला तर जबरदस्ती करू नये. कदाचित त्याचा दात दुखत असेल.

आपली टूथपेस्ट मात्र कुत्र्याला लावू नये. त्याला चूळ भरता येत नाही. तो सगळे गिळतो. काही पेस्टमध्ये झायलिटॉल नावाचा गोड पदार्थ असतो. त्याने कुत्र्याच्या रक्तातील साखर एकदम उतरते, यकृतही निकामी होऊ शकते. लसूण 'औषधी' म्हणून घालतात, तीही त्याच्या रक्तातील तांबड्या पेशींना घातक आहे. कडुलिंबाची काडी आपण चावून तिचा कुंचला करतो. कुत्रा तिचे तुकडे करतो, आणि एखादा टाळूला आडवा अडकून बसतो.

एकदा जमलेले कीटण कोणत्याही पाल्याने वा तेलाने जात नाही. नखाने किंवा चाकूने खरवडले तर दात खरखरीत होऊन नवा थर लवकर बसतो, आणि हिरडीखालचे कीटण जागच्या जागी राहते. ते काम पशुवैद्याने भूल देऊनच करायचे असते.

मोतीची दाढ काढावी लागली. डोळ्याखालची सूज पुन्हा आली नाही. दुसऱ्या आठवड्यापासून तो पूर्वीसारखा दाराशी धावत येऊ लागला, तेव्हा ध्यानात आले की मधले काही महिने तो येत नव्हता. आम्ही म्हणत होतो, "वय झाले त्याचे." दाढ फुटली तरी तो रोज जेवत होता, शेपूट हलवत होता, दुखते आहे हे त्याने एकदाही सांगितले नाही, आणि सांगणार तरी कसे?

म्हणून ज्यांच्या घरी कुत्रा आहे त्यांनी आज संध्याकाळी त्याचा ओठ उचलून दाढा पाहाव्यात. हिरडी गुलाबी आहे की लाल, दात पांढरे आहेत की कडेला तपकिरी, वास येतो का, एवढेच पाहायचे. याला एक मिनिट लागते. आम्ही ते सहा वर्षांत एकदाही केले नव्हते.