टेलोमिअर : बुटाच्या नाडीचं टोक आणि घराण्यातले आजार

दहावीच्या 'आनुवंशिकता व उत्क्रांती' या पाठात मुलं हमखास विचारतात, "सर, आजोबांचा आजार नातवाला होतो का?" उत्तर देताना टेलोमिअरचं उदाहरण फार उपयोगी पडतं.

टेलोमिअर म्हणजे काय?
बुटाच्या नाडीच्या टोकाला प्लास्टिकची नळी असते. ती निघाली की नाडी उसवते. गुणसूत्राच्या टोकालाही असंच आवरण असतं, ते टेलोमिअर. पेशीचं विभाजन झालं की ते थोडं झिजतं. ही झीज भरून काढणारं विकर म्हणजे टेलोमरेज. एलिझाबेथ ब्लॅकबर्न आणि कॅरल ग्रायडर यांना ते 1984 मध्ये तळ्यातल्या एका एकपेशीय जीवात सापडलं. टेलोमिअरवरच्या कामासाठी 2009 चं नोबेल या दोघींना आणि जॅक शोस्टाक यांना मिळालं.

बिघाड कुठे दिसतो?
टेलोमरेजशी संबंधित जनुकात उत्परिवर्तन झालं तर टेलोमिअर जन्मापासूनच आखूड राहतात. 'डिस्केराटोसिस कॉन्जेनिटा' हा त्यातला ठळक आजार. नखं खराब होतात, मान-छातीवर जाळीसारखे डाग येतात, तंबाखू कधीही न खाल्लेल्या मुलाच्या जिभेवर पांढरे चट्टे दिसतात. खरा धोका आत असतो. अस्थिमज्जेतल्या पेशी सतत विभागतात, त्यामुळे रक्तपेशी कमी पडू लागतात. कर्करोगाचा धोकाही वाढतो. याचं पहिलं जनुक 1998 मध्ये ओळखलं गेलं.

एक घर, आजार वेगवेगळे
आता एक काल्पनिक कुटुंब घ्या. आजोबांची फुप्फुसं साठीत कडक झाली. आईच्या प्लेटलेट चाळिशीत घसरल्या. नातवाला शाळेच्या वयातच रक्त चढवावं लागलं. डॉक्टर तीन, फाइली तीन, पण मूळ एकच! पिढ्यान्‌पिढ्या वाटणी होत जमिनीचा तुकडा लहान होतो, तसे आखूड टेलोमिअरही वारशाने येतात. म्हणून पुढच्या पिढीत आजार लवकर आणि तीव्र दिसू शकतो.

हे कळणं का महत्त्वाचं? अस्थिमज्जा देणाऱ्या सख्ख्या भावंडातही तोच दोष लपलेला असू शकतो, म्हणून आधी त्याची तपासणी करतात. शिवाय अशा रुग्णाला नेहमीच्या मात्रेतली केमोथेरपी झेपत नाही, ती सौम्य द्यावी लागते.

मग लांब टेलोमिअर चांगले का?
तसंही नाही. पीओटी-1 या जनुकातल्या बिघाडाने टेलोमिअर लांब राहतात. अशा कुटुंबांमध्ये गाठी आणि कर्करोग जास्त आढळतात, असं 2023 च्या एका संशोधनात दिसलं. पेशी म्हातारी होत नाही, पण तिच्यातल्या चुकाही टिकून राहतात. तेव्हा 'टेलोमिअर वाढवा, तरुण राहा' अशा जाहिरातींना पालकांनी भुलू नये.

वर्गात काय करावं?
वरच्या कुटुंबाची वंशावळ मुलांकडून काढून घ्या. स्वतःच्या घरचे आजार मात्र वर्गात सांगायला लावू नका. ते मुलाला अवघड जातं. पालकांनी तीन पिढ्यांचे आजार आणि ते कोणत्या वयात झाले हे एका वहीत लिहून ठेवावं आणि डॉक्टरांना दाखवावं. एखाद्या घरात उद्या तीच वही निदानाची पहिली पायरी ठरेल.