ही वाळू कुठली?

बांधकाम विभागात शाखा अभियंता म्हणून २४ वर्षं मोजमाप पुस्तिका लिहिल्या. सिमेंट-स्टीलपेक्षा वाळूनेच जास्त शिकवलं.

१. वाहतूक पासवर आधी वेळ बघावी, मग वाळूघाटाचं नाव. शाळाखोल्यांच्या एका कामाच्या बिलाला ४० ब्रासचे पास जोडले होते. शिक्के स्वच्छ, बेरीज बरोबर. चहा पिता पिता वेळा वाचल्या, तर एकच हायवा गाडी पाऊण तासात तीनदा भरलेली, आणि घाट साइटपासून ६० किलोमीटरवर! एका पासवरचा नंबर तर स्कूटरचा निघाला.

२. वाळू हातात घ्यावी. नदीची वाळू बोटांत घोळते, चाळल्यावर वर शिंपल्यांचे तुकडे उरतात. क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, करडी, कोनेदार, बोटांना टोचते. ती वाईट नव्हे. काँक्रीटच्या खडी-वाळूच्या भारतीय मानकात, आयएस ३८३ मध्ये, तिला रीतसर जागा आहे. पण पासवर क्रशरचं नाव आणि चाळणीत शिंपले, असं दिसलं की मी बिल थांबवायचो.

३. पास नसेल तर बिलातून रॉयल्टी कापायची, ही आमच्याकडची रूढ वाट. २०२१ मध्ये तिचा दर ब्रासला ६०० रुपये झाला. मीही बिनदिक्कत कापली. सरकारचा पैसा बुडला नाही ना, मग झालं! पुढे एका गावाजवळ नदीपात्रात दोन पुरुष खोल खड्डा पाहिला. काठावरच्या विहिरीत बादली तळाला खडखडत होती. कपातीच्या नोंदीत रक्कम असते, नदीचं नाव नसतं. चोरीच्या वाळूला आम्हीच पावती फाडून देत होतो.

४. ठेकेदाराला सरसकट चोर धरू नये. एकजण म्हणाला, "साहेब, तालुक्यात एकाही घाटाचा लिलाव नाही आणि तुम्ही म्हणता मार्चअखेर काम संपवा. आणू कुठून?" मी गप्प बसलो.

५. मूळ ठिकाण निविदेतच मागावं. सरकारी खरेदीच्या जीईएम पोर्टलवर २०२० पासून विक्रेत्याला वस्तू कोणत्या देशाची हे सांगावं लागतं. म्हणजे वर्गातली खुर्ची कुठली ते कळतं, भिंतीतली वाळू कुठली ते नाही.

६. २००५ च्या माहिती अधिकार कायद्यात कागदाच्या प्रतींबरोबर साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क आहे. माझ्या उभ्या नोकरीत वाळूचा नमुना मागायला एकही माणूस आला नाही.