त्रिरश्मीचे तीन ऋतू आणि आपले आकाश



आपल्या इंदिरानगरातील एखाद्या मोकळ्या गच्चीवर उभे राहून नैर्ऋत्येकडे पाहिले की त्रिरश्मी लेण्यांचा, म्हणजेच पांडवलेण्यांचा डोंगर दिसतो. तेथील ३ क्रमांकाच्या लेण्यात सातवाहन राजांचे ब्राह्मी लिपीतील लेख आहेत. गौतमीपुत्र सातकर्णीच्या १८ व्या वर्षाच्या लेखात वर्षा ऋतूचा दुसरा पंधरवडा, पहिला दिवस अशी नोंद आहे. वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या १९ व्या वर्षाच्या लेखात ग्रीष्माचा दुसरा पंधरवडा, तेरावा दिवस असे कोरले आहे. या नोंदींत महिन्याचे नाव नाही. ऋतू, पंधरवडा आणि दिवस एवढ्यावर काम भागत होते. फाल्गुन पौर्णिमेनंतर चार महिने ग्रीष्म, आषाढ पौर्णिमेनंतर चार महिने वर्षा आणि कार्तिक पौर्णिमेनंतर चार महिने हेमंत, असे हे तीन ऋतू होत.

ही तारीख दगडावर कोरणारी माणसे चंद्र व ऋतू पाहून दिवस मोजत होती. आज आपल्या भिंतीवर दिनदर्शिका आहे, पण तिच्यामागचे आकाश आपण पाहत नाही. आम्ही कला शाखेचे पदवीधर, गणिताशी संबंध बँकेच्या खतावणीपुरता. तरीही हौसेने जे पाहिले, ते याच तीन ऋतूंच्या क्रमाने येथे मांडत आहोत. यासाठी दुर्बीण लागत नाही. गच्ची, सतरंजी आणि दिशांचे ज्ञान पुरे.

प्रथम ध्रुवतारा शोधावा. नाशिकचे अक्षांश सुमारे २० अंश उत्तर आहेत, म्हणून ध्रुव उत्तर क्षितिजापासून सुमारे २० अंश उंचीवर असतो. हात ताठ पुढे करून मूठ धरली की ती साधारण १० अंश झाकते. क्षितिजावर एक मूठ, तिच्यावर दुसरी मूठ ठेवली की ध्रुव सापडला.

हेमंत

आकाशनिरीक्षणास हा सर्वांत चांगला ऋतू. डिसेंबरात रात्री आठ-नऊच्या सुमारास पूर्वेस मृग नक्षत्र दिसते. चौकोनाच्या मध्यभागी तीन तारे एका ओळीत असतात, तो बाण. ती रेष एका बाजूस वाढवली की तेजस्वी व्याध आणि दुसऱ्या बाजूस तांबूस रोहिणी लागते. येथे विद्यार्थी हमखास विचारतात, "मृग तर जूनमध्ये लागतो ना?" शेतकरी ज्याला मृग लागला म्हणतात, तेव्हा सूर्य मृग नक्षत्रात गेलेला असतो. सूर्याच्या तेजात ते तारे दिसत नाहीत. सहा महिन्यांनी सूर्य आकाशाच्या विरुद्ध बाजूस जातो आणि तेच नक्षत्र रात्रभर आपल्यासमोर येते.

१३ व १४ डिसेंबरच्या रात्री मिथुन राशीतून उल्कावर्षाव होतो. फेथन नावाच्या लघुग्रहाने मागे सोडलेली धूळ व खडे वातावरणात शिरून जळतात, त्या या उल्का. मध्यरात्रीनंतर पाहावे आणि डोळ्यांना अंधाराची सवय होण्यास वीस मिनिटे द्यावीत. फेब्रुवारीत रात्री नऊच्या सुमारास व्याधाच्या बरेच खाली, दक्षिण क्षितिजापासून १७ अंशांवर अगस्त्य दिसतो. लंडनच्या माणसाला घरून हा तारा कधीच दिसत नाही, आपल्याला तो गच्चीतून दिसतो.

ग्रीष्म

एप्रिल-मे महिन्यांत संध्याकाळी सप्तर्षी उत्तरेस उंच असतात. त्यांच्या शेपटीचा बाक तसाच पुढे नेला की केशरी स्वाती आणि त्यापुढे पांढरीशुभ्र चित्रा मिळते. मेच्या मध्यास रात्री साडेनऊच्या सुमारास दक्षिण क्षितिजालगत त्रिशंकूचे चार तारे दिसतात. मात्र त्या बाजूस इमारत नसावी.

याच ऋतूत एक प्रयोग भर दुपारी करता येतो. सूर्य उत्तरेकडे साडेतेवीस अंशांपर्यंत सरकतो. नाशिक त्याच्या अलीकडे असल्याने वर्षातून दोनदा तो बरोबर आपल्या माथ्यावर येतो, २० मेच्या आसपास आणि परतताना २३ जुलैच्या आसपास. त्या दिवशी सपाट फरशीवर स्टीलचा पेला उपडा ठेवावा. दुपारी साडेबारानंतर काही क्षण त्याची सावली नाहीशी होते. जुलैत ढग असतात, म्हणून मेचा दिवस सोडू नये. दिल्लीच्या मुलांना हा प्रयोग घरी करता येत नाही, कारण सूर्य तेथे कधीच माथ्यावर येत नाही.

वर्षा

हा ऋतू धीर शिकवतो. १२ ऑगस्टच्या सुमाराचा ययाती समूहातील उल्कावर्षाव आपल्याकडे बहुधा ढगांत जातो. तरी जुलैत उघडीप मिळाली तर दक्षिणेस वृश्चिकाचा आकडा आणि त्यातील लाल ज्येष्ठा पाहावी. पाऊस सरल्यावर आकाश धुतल्यासारखे होते. नोव्हेंबरात, अंधार असेल अशा जागी, डोक्यावर देवयानी दीर्घिकेचा फिकट ठिपका दिसतो. तो प्रकाश सुमारे २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला आहे.

पौर्णिमा आणि महिन्याचे नाव

आपले महिने चंद्रावरून ओळखले जातात. पौर्णिमेचा चंद्र चित्रेजवळ तो चैत्र, विशाखेजवळ तो वैशाख, कृत्तिकांजवळ तो कार्तिक, मघेजवळ तो माघ. एखाद्या वर्षी चंद्र शेजारच्या नक्षत्रात असतो, पण फार दूर जात नाही. आपण वैशाख पौर्णिमेस एकत्र जमतो, तेव्हा कार्यक्रम आटोपल्यावर मुलांना चंद्राच्या आसपासचे तारे दाखवावेत. महिन्याचे नाव पाठ करावे लागणार नाही.

ग्रहणाविषयी

हा मुद्दा आम्ही मुद्दाम शेवटी ठेवला. २४ ऑक्टोबर १९९५ रोजी सकाळी, ऐन दिवाळीत, सूर्यग्रहण झाले. राजस्थानपासून बंगालपर्यंतच्या पट्ट्यात ते खग्रास होते, आपल्याकडे खंडग्रास. आम्ही नववीत होतो. आईने दारे-खिडक्या लावून आम्हां भावंडांना आत बसवले. शेजारचा एक मित्र मात्र बाहेर उघड्या डोळ्यांनी सूर्याकडे पाहत राहिला. त्याच्या उजव्या डोळ्यासमोर पडलेला डाग पुढे कायम राहिला. आम्ही भीतीपायी काही पाहिले नाही आणि त्याने अज्ञानापायी नको तसे पाहिले. दोन्ही घरांत सांगणारे कोणी नव्हते.

७ सप्टेंबर २०२५ रोजी, भाद्रपद पौर्णिमेस, खग्रास चंद्रग्रहण होते. आमची पुतणी बाळंतपणासाठी आली होती. विळी हातात धरू नकोस, बाहेर पडू नकोस, असे तिला फोनवरून बजावले गेले होते. तिने विचारले, "काका, जाऊ का गच्चीवर?" खरे सांगायचे तर क्षणभर आम्हीही थबकलो. व्याख्यानात बोलणे निराळे आणि घरच्या लेकीला उत्तर देणे निराळे. मग आम्ही तिला जे ठाऊक होते ते सांगितले. पृथ्वी सूर्य आणि चंद्राच्या मध्ये येते आणि तिची सावली चंद्रावर पडते. सावलीतून कोणतेही किरण निघत नाहीत. पृथ्वीच्या वातावरणातून वाकून गेलेला लाल प्रकाश तेवढा चंद्रावर पोचतो, म्हणून तो तांबूस दिसतो. ती म्हणाली, "मग चला." रात्री अकरा ते सव्वाबारापर्यंत ढगांच्या फटींतून तो तांब्याच्या रंगाचा चंद्र आम्ही सगळ्यांनी पाहिला. आमची ऐंशीच्या घरातली आईसुद्धा खुर्ची टाकून बसली होती.

पुढे पुतणीला मुलगी झाली, मायलेकी सुखरूप आहेत. एका उदाहरणाने काही सिद्ध होत नाही, हे आम्ही जाणतो. आमचा भरवसा सावलीच्या नियमावर होता आणि तो नियम कोणालाही पेला व दिवा घेऊन तपासता येतो.

आता पुढची तयारी. २ ऑगस्ट २०२७ रोजी दुपारनंतर आपल्याकडे खंडग्रास सूर्यग्रहण आहे. पावसाळा आहे, तरी तयारी असावी. सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी, काजळी धरलेल्या काचेतून किंवा क्ष-किरणांच्या फिल्ममधून कधीही पाहू नये. प्रमाणित ग्रहण-चष्मा वापरावा, नाहीतर पुठ्ठ्याला टाचणीने भोक पाडून भिंतीवर पडणारी सूर्याची प्रतिमा पाहावी. ३१ डिसेंबर २०२८ च्या रात्री खग्रास चंद्रग्रहण आहे. ते नुसत्या डोळ्यांनी बिनधास्त पाहावे.

विद्यार्थ्यांना एक विनंती. दोनशे पानी वही करा. तारीख, वेळ, दिशा आणि काय दिसले ते लिहा. ढग असतील तर 'ढग' असे लिहा, पण न पाहिलेले लिहू नका. बँकेत आम्ही हेच करतो, आलेली रक्कमच जमा धरतो. आणि पुढच्या ग्रहणाच्या वेळी आपल्या घरातील गर्भवती स्त्रीला कोणी खोलीत बसवू लागले, तर तिच्याशेजारी उभे राहून सावली कशी पडते ते सांगण्याइतके ज्ञान या वहीतून तुमच्याजवळ जमा व्हावे, एवढीच इच्छा.