इतर हक्कांचा रकाना

वडिलोपार्जित मिळकतीच्या भरवशावर शहरात घर घेण्याचा बेत करणारा गृहस्थ आपल्या हिश्श्याची किंमत तोंडपाठ सांगतो, परंतु ती किंमत हाती येण्यास किती जणांच्या सह्या लागतील हे विचारले तर बहुधा निरुत्तर होतो. रत्नागिरी जिल्ह्यातील आमचे गावचे घर आणि त्यालगतची कलमांची बाग विकावयाचे ठरले तेव्हा आमच्या कुटुंबात हेच घडले.

सातबाऱ्यावर थोरल्या काकांचे नाव होते आणि त्यापुढे ‘ए.कु.मॅ.’ ही अक्षरे. एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, एवढाच त्यांचा अर्थ. तथापि सारा आणि घरपट्टी वर्षानुवर्षे काकांच्याच नावे भरली गेल्यामुळे चुलतभावांना ती मिळकत आपल्या वडिलांची वाटू लागली होती, आणि त्यात लबाडी काहीच नव्हती. खरी गोम होती ‘इतर हक्क’ या रकान्यात. तेथे एका जुन्या तगाईच्या बोजाखाली आमच्या दोघी आत्यांची नावे होती. मुलींची नावे कब्जेदारसदरी न घेता या रकान्यात घालून ठेवण्याची रीत महसुली दफ्तरात सर्रास होती, आणि म्हणूनच त्या नावांकडे कोणी गांभीर्याने पाहत नसे. आत्यांनी एका भाऊबीजेस हक्क सोडला, असे घरातील वडीलधारी मंडळी श्रद्धेने सांगत. परंतु स्थावरातील हक्क असा तोंडी सुटत नाही, त्यास नोंदलेले हक्कसोडपत्र लागते, आणि तसा दस्त दुय्यम निबंधकांच्या दफ्तरात कोठेही आढळेना. मिळकत आजोबांच्या स्वकष्टाची, आजी त्यांच्या आधी गेलेली, आणि आजोबांचे निधन 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानंतरचे. सबब तिघे मुलगे व दोघी मुली समान वारस. आम्ही ज्यास तिसरा हिस्सा समजत होतो तो पाचवा निघाला, आणि आईही हयात नसल्याने त्यात मी व माझी बहीण समभागी. म्हणजे माझ्या पदरी दहावा.

इकडे पुण्यात एक सदनिका मनात भरली होती. “इसार देऊन मोकळे व्हा, गावचे पैसे येतीलच,” असा दलालाचा आग्रह. साठेखताच्या मसुद्यात मात्र तीन महिन्यांत खरेदीखत न केल्यास इसार जप्त, असे स्वच्छ लिहिले होते. पत्नीने एका लग्नपत्रिकेच्या पाठकोऱ्या बाजूवर सह्या करणारांची यादी मांडली. ती तेरा नावांवर थांबली, आणि त्यांतील एक आतेभाऊ मस्कतला. इसार आम्ही दिला नाही. सदनिका दुसऱ्याने घेतली. हळहळ वाटली, ती नाकारण्यात अर्थ नाही.

म्हणून अशा पेचात पडलेल्यांना माझे सांगणे असे की, चालू सातबाऱ्यावर विसंबू नये; त्यावर ज्या फेरफारांचे क्रमांक असतात त्यांच्या नकला तहसील कचेरीतून काढून मागपासून क्रमाने वाचाव्यात, आणि फेरफाराची नोंद महसुलापुरती असते, तिने मालकी सिद्ध होत नाही, हेही ध्यानी ठेवावे. ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या पावतीस तर त्याहूनही कमी वजन. परदेशस्थ वारसाचे मुखत्यारपत्र तेथील भारतीय वकिलातीत साक्षांकित करून घ्यावे आणि ते येथे पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे. आमच्या मंडळींना हे वेळेवर कळले, हे नशीब. नवे घर बिल्डरकडून घ्यावयाचे असल्यास करारनामा नोंदविण्यापूर्वी किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम त्यास घेता येत नाही, हे रेरा कायद्याचे कलम त्याच्यासमोर उच्चारावयास संकोच करू नये.

आत्यांच्या मुलांकडून फुकट सही मागावी, असा एक मतप्रवाह आमच्याकडे होता. मला तो रुचला नाही. ज्यांना हिस्सा आहे त्यांना बाजारभावाने मोबदला द्यावा. तकरार त्याहून महाग पडते. मस्कतच्या आतेभावाने तर पैशांपूर्वी निराळीच अट घातली: आईचे नाव इतर हक्कांतून वर आणा आणि तिच्याखाली आमची वारसनोंद करा. तलाठ्याकडे अर्ज गेले, नोटिसा निघाल्या, नोंद मंजूर झाली, आणि मगच त्याचे मुखत्यारपत्र आले.

विक्रीनंतरही धावपळीचे कारण नव्हते. भांडवली नफ्यावरील कराची सवलत मिळण्यास नवे घर विकत घेण्याकरिता दोन वर्षे व बांधण्याकरिता तीन वर्षे मिळतात. फक्त विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत न वापरलेली रक्कम बँकेत त्यासाठीच्या खास खात्यात ठेवावी लागते. आम्ही ती तशी ठेवली आणि दहाव्या हिश्श्यात बसेल असे, पहिल्यापेक्षा एका खोलीने लहान घर शोधावयास निघालो.