‘राहू दे ना काकू’ म्हणणारीचे पैसे

नेपरव्हिलमधल्या मराठी आई-बाबांशी आज पैशाबद्दल थोडं बोलायचं आहे. शनिवारी मंडळाचं नाटक असतं, नाहीतर ऑफिसची पार्टी, आणि धाकट्यांजवळ बसायला ओळखीतलीच नववी-दहावीतली मुलगी येते. आजी-आजोबा सहा महिने राहून परत जातात; मग आधार असतो तो या मुलामुलींचाच. ती आपल्याला काकू म्हणते, आपल्याकडच्या गणपतीत आरतीला टाळ वाजवते. म्हणूनच तिला किती द्यायचं हे विचारायला आणि सांगायला सगळ्यांनाच अवघड जातं.

होतं असं, की आपण तिच्या आईला फोन करतो. ती म्हणते, "अगं, पैसे कसले? परकी आहे का ती? खेळेल की त्यांच्याशी." आपल्यालाही ते ऐकून बरं वाटतं. रात्री निघताना आपण तिच्या हातावर वीसची नोट किंवा कॉफीचं गिफ्ट कार्ड ठेवतो. या सगळ्यात जिने काम केलं तिला कोणी काही विचारलेलंच नसतं. मोठ्यांकडे पैसे मागू नयेत हे तिला आपणच शिकवलंय, तेव्हा ती मागणार नाही. दर ठरवायचा आणि काम सुरू होण्याआधी तिला स्वतःला तो सांगायचा, ही जबाबदारी मोठ्यांची आहे. माझं मुख्य म्हणणं एवढंच.

आता आकडा. आपल्या इलिनॉयमध्ये १ जानेवारी २०२५ पासून किमान वेतन तासाला १५ डॉलर झालं. अठरा वर्षांखालच्या आणि एका मालकाकडे वर्षाला ६५० तासांपेक्षा कमी काम करणाऱ्यांना किमान १३ द्यावे लागतात. अधूनमधून कुणाच्या घरी जाऊन मुलं सांभाळण्याला फेडरल किमान वेतनाच्या कायद्यातून १९७४ पासून सूट आहे, त्यामुळे शनिवारच्या चार-पाच तासांसाठी कायदा तुम्हाला जाब विचारायला येणार नाही. पण तीच मुलगी सुट्टीत एखाद्या आइस्क्रीमच्या दुकानात उभी राहिली तर तिला १३ मिळणारच, आणि तिथे तिच्यावर कुणाच्या जिवाची जबाबदारी नसेल. आपल्या घरी येऊन तिला त्याहून कमी मिळावेत हे मला पटत नाही. एक शांत, सात-आठ वर्षांचं मूल असेल तर १३ पासून सुरुवात करावी. दोन मुलं असतील तर दुप्पट द्यायची गरज नाही, पण तासाला दोन-तीन डॉलर वाढवावेत. डायपरमधलं बाळ असेल तर आणखी. तिने रेडक्रॉसचा बेबीसिटिंगचा कोर्स केला असेल, सीपीआर शिकली असेल, तर त्याचीही किंमत धरावी. ‘सेफ सिटर’ हा दुसरा कोर्स एका बालरोगतज्ज्ञ बाईंनी १९८० साली शेजारच्या इंडियानात सुरू केला, तो सहकाऱ्याचं लहान मूल सांभाळणाऱ्या व्यक्तीजवळ असताना घास अडकून गेलं म्हणून. मुलं सांभाळणं म्हणजे नुसतं खेळणं नव्हे, हे यावरून कळावं.

एक हिशोब मांडूनच पाहू. ती साडेपाचला आली. आठ आणि तीन वर्षांची दोन मुलं. तिने त्यांना वरणभात भरवला, धाकट्याने सांडलेलं दूध पुसलं, दोघांना दात घासायला लावले, "आई कधी येणार" हे बारा वेळा ऐकून घेतलं आणि नऊला झोपवलं. तुम्ही पावणेबाराला आलात तेव्हा ती डायनिंग टेबलवर केमिस्ट्रीची वही उघडून बसली होती. सव्वासहा तास, तासाला १६ डॉलर, म्हणजे बरोबर १००. "नऊनंतर तर ती अभ्यासच करत होती" असं म्हणून पुढचे तास कापू नका. त्या वेळात ती घर सोडून जाऊ शकत नव्हती, आणि वर झोपलेल्या मुलाला ताप चढला असता तर पहिली धावणारी तीच होती. दहाला येतो म्हणून पावणेबारा केले असतील तर ते पावणेदोन तासही तिचेच. आयत्या वेळी बेत रद्द केलात तर निदान दोन तासांचे पैसे द्यावेत, कारण तिने मैत्रिणींना नाही म्हणून ती संध्याकाळ तुमच्यासाठी राखली होती.

आणि तिला घरी सोडायला आपण जावं. इलिनॉयमध्ये अठरा वर्षांखालच्या ड्रायव्हरवर शुक्रवार-शनिवारी रात्री ११ नंतर निर्बंध आहेत. त्यातल्या अपवादांचा कीस पाडत बसण्यापेक्षा गाडी काढलेली बरी.

आठवडाभर रोज शाळा सुटल्यावर तीन-तीन तास बोलावणार असाल तर गोष्ट वेगळी. ते अधूनमधूनचं काम राहत नाही, किमान वेतनाचा नियम खरोखर लागू होऊ शकतो; तिथे जाणकाराला नीट विचारून घ्या. मंडळाच्या दिवाळीत हीच मुलं शाळेच्या एका वर्गात सगळ्यांची पिल्लं सांभाळतात ती सेवा, त्याचे पैसे कुणी धरत नाही आणि धरूही नयेत. पण त्या सवयीने घरगुती काम फुकट ठरवू नये. आणि कृपा करून भांडी, पोळ्या, थोरल्याचं गणित असं काहीबाही त्याच दरात घुसवू नका.

आपण वाढलो त्या घरांत कामाच्या मावशींचा पगार ‘बाकीचे काय देतात’ यावर ठरायचा. १९८० साली पुण्यात मोलकरणींनी पगारवाढीसाठी संप केला आणि त्यातून त्यांची संघटना उभी राहिली. त्या बायका एकत्र येऊन बोलल्या म्हणून ऐकलं गेलं. आपल्या घरी येणारी चौदा वर्षांची मुलगी एकटी असते, आणि समोर आई-बाबांचे मित्र असतात. आपण कमी दिलं तर ती घरी जाऊनही बोलणार नाही. पुढच्या वेळी फक्त "त्या दिवशी टेस्ट आहे काकू" म्हणेल.

मुलींच्या आई-बाबांनो, तुम्हालाही एक विनंती. तिच्या वतीने "पैसे नकोत" म्हणू नका. तिला विचारा. पैसे तुमच्या खात्यात झेलने आले तर त्याच दिवशी तिला पोचते करा, किंवा रोखच तिच्या हाती द्यायला सांगा. अठरा वर्षांखालच्या विद्यार्थ्याच्या अशा घरगुती कामावर सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर कापावं लागत नाही. शिवाय ही तिची स्वतःची कमाई असल्याने तिच्या नावाने रॉथ आयआरए उघडून त्यात तेवढी रक्कम टाकता येते. पंधराव्या वर्षी टाकलेल्या पैशाला वाढायला पन्नास वर्षं मिळतात, आणि हिशोबाची वही तिनेच ठेवली तर उत्तमच. मुलगा जात असेल तर त्यालाही हेच, आणि दरही तोच.

बोलवायचं कसं, तर मेसेजच असा करा: "शनिवारी साडेपाच ते दहा जमेल का? दोघं घरी असतील. तासाला १६ देऊ, उशीर झाला तर त्याचेही. जमत नसेल तर मोकळेपणाने सांग." ती पैसे घेताना "राहू दे ना काकू" म्हणेलच. एकदा हसून घ्या आणि पूर्ण रक्कम हातात ठेवा. दर ऑगस्टमध्ये शाळा सुरू झाली की, तिने काही म्हणायच्या आत, दर एक डॉलरने वाढवा.